सासूबाईंसाठी चार सेंटिमीटर

गाडी खाली कशी घ्यावी, हे कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा! थट्टा नाही करत. स्प्रिंग, शॉकअप, त्यांच्यामधला तो रबरी गुटका, चाकांची अलाइनमेंट, सगळं मला तोंडपाठ आहे. माझ्याकडे त्याची दोनशे पानी वही आहे. एम.ए.च्या वर्षालासुद्धा मी एवढ्या नोट्स काढल्या नव्हत्या, आणि तेव्हा तर मला झोपही मिळत होती.

अकरा महिन्यांच्या मुलाच्या आईला हे उद्योग सुचतातच कसे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण त्यामागे एक अगदी साधी गोष्ट होती. मला कामावर परत जायचं होतं. रजा दोनदा वाढवून झाली होती. साहेबांनी फोनवर, "येत्या सोमवारी नक्की ना?" असं तीनदा विचारलं होतं, आणि तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज फार गोड झाला होता. साहेबांचा आवाज गोड झाला की कुणाची तरी खुर्ची जाते, हे आमच्या ऑफिसात नवा माणूससुद्धा आठवड्यात शिकतो.

योजना पक्की होती. माझ्या नणंदेचं घर ऑफिसपासून पाच मिनिटांवर. ती घरूनच शिवणाचे क्लास घेते. सकाळी मी गाडीने मुलाला आणि सासूबाईंना तिच्याकडे सोडायचं, संध्याकाळी दोघांना घेऊन घरी यायचं. आता आमच्या चिरंजीवांना मागच्या सीटवर त्यांच्या खुर्चीत एकटं बांधलं की ते असा काही आकांत करतात की पुढच्या गाड्या अँब्युलन्स समजून बाजूला होतात! शेजारी आजी बसली की मात्र गप्प. म्हणजे आजी गाडीत बसली पाहिजे. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

कारण गाडी उंच. उंच गाडीच घ्यायची असा हट्ट कुणी धरला होता? मीच! पोटात बाळ असताना मला रस्त्यावरची प्रत्येक गाडी आमच्या अंगावर येतेय असं वाटायचं, म्हणून त्यातल्या त्यात किल्ल्यासारखी दिसणारी एक जुनी गाडी आम्ही घेतली. किल्ला झाला, पण सासूबाईंना चढता येईना.

"अगं, एक पाय वर टाकला की दुसरा खालीच राहतो बघ," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याला नाही गं झेपत."

"स्टूल ठेवू," नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला.

"आणि स्टूल सरकलं तर?"

"मग मी उचलून बसवतो आईला."

"कमरेला पट्टा कोण लावतं रोज?"

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. जरा विचार केला. आणि एकदम त्याचे डोळे असे चमकले की मला धडकीच भरली. लग्नाआधी मोटारसायकलचे फोटो दाखवताना चमकायचे तसे.

"मग गाडीच खाली घेऊ या! माझ्या एका मित्राने घेतलीय. ग्राइंडरने स्प्रिंगचे दोन वेढे उडवायचे. अर्ध्या तासाचं काम!"

"उडवायचे? ज्या स्प्रिंगवर माझं बाळ बसतं, तिचे वेढे?"

"अगं, सगळे करतात."

सगळे करतात, हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. मी त्याच क्षणी हे खातं माझ्याकडे घेतलं.

पुढचे बारा दिवस मी सस्पेन्शन शिकले. मूल मांडीवर, वही गुडघ्यावर, पेन दातात. अलाइनमेंटचं एक अख्खं पान चिरंजीवांनी खाल्लं, ते मी पुन्हा लिहून काढलं. मला कळलं की स्प्रिंग कधीही कापायची नाही. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागची निसटू शकते. हे मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. खाली घ्यायची तर त्याच कामासाठी बनवलेली आखूड स्प्रिंग घ्यायची, तिला साजेसे शॉकअप घ्यायचे, चारही चाकांचं काम एकदम करायचं, रबरी गुटके बदलायचे, मग अलाइनमेंट, मग हेडलाइटचा कोन. एवढं वाचून झाल्यावर मला अशी शांतता लाभली की मी चक्क वीस मिनिटं झोपले.

शुक्रवारपर्यंत काम व्हायलाच हवं होतं. मंगळवारी मी डिकीतलं सामान घरी काढून ठेवलं. गॅरेजातल्या तेलकट हातांनी कुणी दुपट्यांना हात लावलेला मला चालत नाही. आणि मूल कडेवर, वही बगलेत, अशी मी मेकॅनिककाकांच्या दारात उभी राहिले. काका एका गाडीखाली होते. आधी पाय दिसले, मग पोट, मग कपाळावर चढवलेला चष्मा.

"बोला ताई."

"गाडी खाली घ्यायचीय. चार सेंटिमीटर."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. बहुधा माझ्यामागून एखादा गॉगलवाला पोरगा येतोय का ते बघत असावेत.

"कुणासाठी?"

"सासूबाईंसाठी."

काका उठून उभे राहिले! "ताई, तीस वर्षं धंद्यात आहे. पोरं गाडी खाली घेतात ती मिरवायला. सासूसाठी घेणाऱ्या तुम्ही पहिल्या!"

मला काय सांगू, इतकं बरं वाटलं! गेल्या अकरा महिन्यांत मला कुणी कशातही पहिलं म्हटलं नव्हतं. त्या भरात मी वही उघडली आणि पाऊण तास बोलले. काका मध्येमध्ये तोंड उघडत होते, पण मी पान उलटायची आणि ते मिटत होते. शेवटी स्प्रिंग निवडायची वेळ आली. त्यांनी टेबलावर दोन स्प्रिंगा ठेवल्या.

"ही घ्या," त्यांनी जाडजूड स्प्रिंगवर थाप मारली. "कडक आहे. गाडी खाली घेतली की जागा कमी उरते, म्हणून स्प्रिंग थोडी कडक लागते. नाहीतर बूड आपटतं."

"आणि धक्के?"

"ते थोडे बसणार."

"थोडे म्हणजे? बाळ जागं होईल?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ताई, बाळाच्या झोपेवरून स्प्रिंग निवडायची पद्धत आमच्यात अजून आलेली नाही."

"मग आता आणा!"

खूप घासाघीस झाली. एकदा झोपलेलं मूल खड्ड्याने उठणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगताना मी चिरंजीवांचा आकांत आवाजासकट करून दाखवला. काका विरघळले. त्यांनी दुसरी, मऊ स्प्रिंग पुढे सरकवली.

"ही चालेल. पण एका अटीवर. वजन कमी हवं. माणसं किती बसणार?"

"मी, सासूबाई, आणि हा."

"डिकीत काय असतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "रोजचंच."

"मग हरकत नाही," काका म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली गेले.

शुक्रवारी गाडी आली. मी टेप घेऊन चारही चाकांपाशी उकिडवी बसले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. आधीचं माप वहीत होतंच. चार सेंटिमीटर! पुढे चार, मागे चार, डावीकडे चार, उजवीकडे चार! नवऱ्याने मला सलाम ठोकला. मी त्या दिवशी अंघोळीला चक्क दहा मिनिटं घेतली.

रविवारी रंगीत तालीम. सोमवारी काही चुकायला नको म्हणून. सकाळी मी डिकी पुन्हा भरली. नवरा मुलाला घेऊन शेजारी उभा होता.

"अगं, गाडी बसतेय बघ."

"नवी स्प्रिंग थोडी बसतेच. पान चव्वेचाळीस."

"मागून जास्तच बसतेय."

"अरे, तू मला सस्पेन्शन शिकवू नकोस!"

सासूबाई खाली आल्या. बिचकत बिचकत दारापाशी गेल्या, वळल्या, आणि बसल्या. नुसत्या बसल्या! पाय उचलावाच लागला नाही. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "हे तर आपल्या सोफ्यापेक्षाही खाली आहे गं!" मला ते कौतुक वाटलं. माणूस आनंदात असला की बहिरा असतो.

आम्ही निघालो. मुलगा आजीच्या साखळीशी खेळत होता. नवरा माझ्या शेजारी हात बांधून बसला होता. गाडी अशी झुलत चालली होती, जसा काही पाळणाच! मी मनात साहेबांना म्हणत होते, बघा, येतेय मी.

पहिल्या गतिरोधकापर्यंत म्हणत होते.

आधी पुढची चाकं चढली, उतरली. मग गाडीच्या पोटातून असा आवाज आला की कुणीतरी लोखंडी कपाट फरशीवरून ओढतंय. आणि आम्ही थांबलो. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी नुसती गुरगुरली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि मध्ये गतिरोधकावर पोट टेकून आमचा किल्ला पसरला होता. दमलेल्या म्हशीसारखा!

मागे हॉर्न सुरू झाले. त्या हॉर्नच्या वरताण चिरंजीवांनी सूर लावला.

"सगळे उतरा!" नवरा म्हणाला. "वजन कमी झालं की सुटेल."

तो उतरला. मी उतरले. मुलाला काढलं. सासूबाईंनी एक पाय बाहेर ठेवला, दुसरा ठेवला, जोर केला आणि परत मागे गेल्या. पुन्हा जोर केला. पुन्हा मागे.

"अगं, उठवत नाहीये!"

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी गाडीची उंची मोजली होती, चाकांची मोजली होती, गतिरोधकांचीसुद्धा मोजली होती, तीही डिकी रिकामी असताना. फक्त सासूबाई मोजल्या नव्हत्या! दुखऱ्या गुडघ्याला खाली बसणं सोपं असतं, सगळं मरण असतं ते उठण्यात. दोनशे पानांत खाली कसं जायचं ते सगळं होतं. वर कसं यायचं यावर एक ओळ नव्हती.

"हात दे आई," नवऱ्याने ओढलं. मी मागून ढकलायला दुसऱ्या दाराने आत शिरले, तर गाडी आणखी खाली गेली.

"तू बाहेर हो आधी!" दोघं एकदम ओरडले.

मागचा टेम्पोवाला उतरून आला. "काय झालं?"

"आजी निघत नाहीयेत."

त्याने वाकून आत पाहिलं. "आजी, रागावलात का घरच्यांवर?"

"अरे, रागावते कसली! अडकलेय मी!"

"मग डिकीतलं काढा आधी," तो म्हणाला. "मागून टेकलीय गाडी. काय भरलंय एवढं?"

काही नाही. रोजचंच. मी डिकी उघडली आणि रोजचं बाहेर काढू लागले. ढकलगाडी. घडीचा पाळणा. वीस लिटर पाण्याचे दोन कॅन, रस्त्यात पाणी संपलं तर. चोवीस दुपटी. थंडीचे कपडे, उन्हाळ्याचे कपडे, आणि दोन्हींच्या मधले. वाफेचं यंत्र. औषधांचा मोठा डबा, औषधांचा छोटा डबा. आग विझवायचं नळकांडं. पन्नास फूट दोर. तो कशासाठी, हे मला आज सांगता येणार नाही, पण घेताना फार पटलं होतं. शिवाय बाळाचा वजनकाटा, गादी, आणि कुठेही अंथरता यावी म्हणून एक सतरंजी.

टेम्पोवाल्याने सगळं फुटपाथवर रचलं. येणारेजाणारे थांबू लागले. एका बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "घर सोडून निघालीस ना बाळा? नीट विचार केलायस ना?" त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात नवऱ्याने फोन केलेले मेकॅनिककाका स्कूटरवरून आले. त्यांनी गाडी पाहिली नाही. ते थेट ढिगाऱ्यापाशी गेले. एक कॅन उचलून पाहिला. गादी दाबून पाहिली. मग चष्मा डोळ्यांवर घेतला.

"मॅडम," ते म्हणाले. ताईची मॅडम झाले तेव्हाच मी समजले. "डिकीत काही नाही म्हणाला होतात."

"म्हणजे... हे असतंच ना."

"शंभर किलो तरी असेल. डिकीत एक धडधाकट माणूस झोपवून फिरताय तुम्ही!"

त्या शंभर किलोंशिवाय गाडीने मान वर केली. टेम्पोवाला, काका आणि नवरा यांनी सासूबाईंसकट तिला पुढे ढकललं आणि आम्ही गतिरोधकावरून सुटलो. मग काकांनी आणि नवऱ्याने दोन बाजूंनी धरून, "एक, दोन, तीन!" म्हणत सासूबाईंना बाहेर काढलं. त्यांनी पदर सारखा केला. केस सारखे केले. गाडीकडे वळून दोन्ही हात जोडले.

"तुझ्या गाडीला माझा दुरूनच नमस्कार, बाई!"

"आई, कडक स्प्रिंग टाकू. काका, टाकता ना?"

"स्प्रिंग बुधवारी येईल," काका म्हणाले. "तोवर डिकी रिकामी ठेवा, गाडी ठीक राहील."

"ऐकलंत ना आई? ठीक राहील. उद्या..."

"उद्या मी बसने जाईन. तू सोन्याला घेऊन ये."

झालं! बारा दिवस, दोनशे पानं, चार स्प्रिंगा, चार शॉकअप, आणि सोमवारी सकाळी मागच्या सीटवर मुलगा एकटाच. डिकीत एकच पिशवी होती, त्यामुळे मला स्वतःलाच अंगावर कपडे नसल्यासारखं वाटत होतं. सासूबाई आमच्या आधी निघून स्टॉपवर उभ्या होत्या. मी गाडी काढली आणि चिरंजीवांनी आकांत सुरू केला.

मी गाणी म्हटली. प्राण्यांचे आवाज काढले. मग मी आणि तो, दोघंही रडायला लागलो. साहेबांना काय सांगायचं, याची वाक्यं मी जुळवायला घेतली. नाही जमत मला, दुसऱ्या कुणाला द्या ती खुर्ची. अशी साधी वाक्यं. पाठ करायला सोपी होती.

सिग्नलला थांबले तर मागे एकदम शांतता. मी दचकून मागे पाहिलं. मुलगा खिडकीबाहेर बघून हसत होता! बाजूला बस उभी होती आणि बसच्या खिडकीत आजी हात हलवत होत्या.

सिग्नल सुटला. बस निघाली. मी निघाले. बसला चिकटून! बस हळू, मी हळू. बस स्टॉपवर थांबली, मीही थांबले. माणसं चढली, उतरली, बस निघाली, मी निघाले. बारा स्टॉप घेतले मी त्या सकाळी! आठव्या स्टॉपवर तर एक गृहस्थ माझ्या गाडीचं दार उघडायला लागले. पण मुलगा रडला नाही. एकदाही नाही.

नणंदेच्या दारात आम्ही एकदमच पोहोचलो. सासूबाई बसमधून उतरताना मी पाहिलं. आरामात उतरल्या, पिशवीसकट! त्या बसची पायरी माझ्या गाडीच्या दाराच्या मूळ उंचीपेक्षा दोन बोटं जास्तच आहे. मी मोजलीय. बस थांबली होती तेवढ्यात.

"आई! बसमध्ये कशा चढता उतरता तुम्ही?"

"अगं, बसला दारातच दांडा असतो ना धरायला. एकदा हात घट्ट बसला की गुडघा येतो मागोमाग."

"दांडा तर गाडीलाही आहे!"

"कुठे गं? मला नाही कधी दिसला."

मी दाखवायला गेले. मागच्या दाराच्या वर, आतून. मलाही दिसला नाही. कारण त्याच्यावर मी जुन्या उशीचा फोम गुंडाळला होता, फोमवर दुपटं, आणि दुपट्यावरून उन्हाचा पडदा, चार गाठी मारून. मुलगा तीन महिन्यांचा असताना. त्याचं डोकं दांड्यावर आपटू नये म्हणून. तीन महिन्यांच्या मुलाचं डोकं गाडीच्या छतापर्यंत कसं पोहोचणार होतं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

सासूबाईंनी फोम काढला. दांडा धरला. उजवा पाय, डावा पाय, आत. डावा पाय, उजवा पाय, बाहेर. मग फोम माझ्या हातात दिला. सोन्याला उचललं आणि आत गेल्या.

मी ऑफिसात पन्नास मिनिटं उशिरा पोहोचले. खुर्ची होती. दारातल्या रजिस्टरमध्ये उशिराचं कारण लिहावं लागतं. बराच वेळ पेन हातात धरून मी उभी राहिले, आणि शेवटी लिहिलं: वाहनात बिघाड.

वाहन अगदी ठणठणीत होतं हो.